'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' पाहून मुलगा रडला नाही, आता ताटात शीतही टाकत नाही. काय समजायचं?

दादा, तुम्ही जे लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही विषय कळेल. शनिवारी रात्री तुम्ही अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन हा सिनेमा लावलात. (दुसऱ्या महायुद्धात आई गमावून उपासमारीनं मरणाऱ्या दोन जपानी भावंडांची, सेइता आणि त्याची धाकटी बहीण सेत्सुको यांची, ही ॲनिमेशनमधली गोष्ट आहे.) कार्टून आहे, मुलाला आवडेल, एवढ्याच हिशेबानं. शेवटाकडे तुम्हालाच हुंदके आवरेनात. मुलगा मात्र कोरड्या डोळ्यांनी बघत राहिला आणि संपल्यावर एक शब्द न बोलता झोपायला गेला. सहा वर्षांची धाकटी मध्येच उठून आली आणि तिनंही थोडा भाग पाहिला. त्यानंतर मुलगा ताटात शीतही टाकत नाही, वाट्याचा खाऊ बहिणीला देतो, आणि त्याच्या अंथरुणाखाली भडंगाचं पाकीट आणि पाण्याची बाटली सापडली. वहिनी तुमच्यावर चिडल्यात. आई म्हणतात, असलं अभद्र घरात लावायचंच कशाला. शिवाय तुम्हाला स्वतःला त्या सिनेमातल्या मुलाचा, सेइताचा, राग येतोय आणि त्या रागाची लाजही वाटतेय. तुम्ही विचारलंय: मुलगा निबर झालाय की आतून हादरलाय? दाखवला हे चुकलं का? आणि त्याच्याबरोबर परत एकदा बघावा का?

मी कोल्हापुरातल्या शाळांमध्ये समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काम करते. मुलांना सिनेमे दाखवायचे आणि नंतर त्यांच्याशी बोलत बसायचं, हा त्या कामातला मला सगळ्यात प्रिय भाग आहे. हा सिनेमा मी आठवीच्या पुढच्या मुलांबरोबर, शिक्षकांबरोबर आणि पालकांबरोबर पाहिला आहे. त्यामुळे तुमच्या घरात जे झालं ते माझ्या ओळखीचं आहे.

तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या पोटात मला एकच प्रश्न दिसतो. घरातल्या प्रत्येकाला वेगळंच काहीतरी झालं आणि त्याबद्दल कुणी कुणाशी बोललेलं नाही. तुम्ही रडलात ते मुलानं पाहिलं, पण बाबा का रडले ते त्याला कुणी सांगितलं नाही. त्यानं पाकीट लपवलं ते तुम्ही पाहिलंत, पण का लपवलंस हे त्याला अजून कुणी विचारलेलं नाही. सिनेमा बरा की वाईट हा वाद त्यामानानं सोपा आहे. तो नंतर घालता येईल.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. घरात अलीकडे कुणाचा मृत्यू झालाय का, कुणी बराच काळ दवाखान्यात होतं का, मुलगा एरवीही मनातलं मनात ठेवणारा आहे का, तुमच्या नोकरीधंद्यात सध्या ओढाताण आहे का आणि ते बोलणं त्याच्या कानावर पडतं का. यातलं काही असेल तर माझं उत्तर थोडं बदलेल. नसेल असं धरून पुढे लिहिते.

आधी न रडण्याबद्दल. या सिनेमात एक प्रसंग आहे. आई भाजून गंभीर जखमी झालीय हे चौदा वर्षांच्या सेइताला कळलंय, चार वर्षांच्या सेत्सुकोला माहीत नाही. शाळेच्या मैदानावर ती आईसाठी मुसमुसत उकिडवी बसलीय. हा तिच्याजवळ बसत नाही, तिला कुशीत घेत नाही. तो मैदानातल्या लोखंडी बारला लटकतो आणि कोलांट्या घ्यायला लागतो. एकामागून एक, घेतच राहतो. मोठ्या माणसांना तो प्रसंग अनेकदा लक्षातही राहत नाही. मुलांना राहतो, विशेषतः दहा ते चौदा वयाच्या मुलग्यांना. त्यांना न सांगता कळतं की हा पोरगा रडला असता तर बहिणीला धरायला कुणी उरलं नसतं. तुमच्या मुलानं त्या रात्री थोडंफार तेच केलं असेल. शेजारी बाप रडतोय, मध्येच धाकटी येऊन उभी राहिलीय. अशा वेळी अकरा वर्षांचा मोठा भाऊ स्वतःला घट्ट धरून बसला, तर त्यात मला निबरपणा दिसत नाही.

अजून एक माझ्या अनुभवातलं सांगते. या वयाच्या मुलांचं दुःख बऱ्याचदा चौकशीच्या रूपानं बाहेर येतं. सिनेमा संपल्यावर मोठी माणसं डोळे पुसत असतात आणि मुलं विचारत असतात: आईचे पैसे बँकेत होते ना, मग धान्य का नाही मिळालं? वडील नौदलात होते तर पत्राचं उत्तर का आलं नाही? डॉक्टरनं नुसतं 'पोषण हवं' असं सांगून कसं पाठवलं, पोषण कुठून आणायचं हे का नाही सांगितलं? २०१९ च्या महापुरात घर पाण्याखाली गेलेल्या एका चिखलीच्या मुलानं फक्त एवढंच सांगितलं होतं, "त्यानं खायचं सामान आधीच जमिनीत पुरून ठेवलं होतं, म्हणून पहिले काही दिवस तरी निघाले." बाकी कुणीही त्या खड्ड्याकडे लक्ष दिलं नव्हतं. पंचगंगेनं धोक्याची पातळी ओलांडल्यावर घाईघाईनं घर सोडलेल्या मुलाला तो खड्डा दिसणारच. त्याच्याही डोळ्यांत पाणी नव्हतं. पण सगळा सिनेमा त्यानं पोटात घेतला होता.

म्हणून अंथरुणाखालच्या भडंगाकडे मी अशी बघते: तुमच्या मुलानं सिनेमा नीट पाहिलाय आणि त्याला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर तो स्वतःच शोधतोय. आपल्यावर अशी वेळ आली तर? धाकटीला कोण बघणार? त्याला सध्या सापडलेलं उत्तर आहे 'मी', आणि तयारी म्हणून त्यानं एक पाकीट आणि एक बाटली ठेवलीय. पाकीट काढून घेऊ नका. 'वेडा आहेस का, असं काही होत नाही' असंही म्हणू नका, कारण असं झालेलं त्यानं नुकतंच पाहिलंय. त्याला शांतपणे विचारा, "हे कशासाठी ठेवलंयस रे?" आणि गप्प बसा. तो लगेच बोलणार नाही. बोलला नाही तर तुम्ही सांगा: धाकटीची काळजी ही तुझी एकट्याची नाही. मी आहे, आई आहे, आजी आहे, मामा आहे, शेजारचे काका आहेत. नावं घेऊन सांगा. घर सोडावं लागलं तर आपण कुठे जायचं, कुणाला फोन करायचा, हेसुद्धा ठरवून सांगा. पूर येणाऱ्या आपल्या भागात हे बोलणं काही अघटित नाही. दरवर्षी जुलैत नदीकाठची घरं हे ठरवतातच. मुलाला 'काही होणार नाही' यापेक्षा 'झालं तर आपण काय करणार' हे ऐकायला मिळालं की त्याच्या डोक्यावरचा भार उतरतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

ताटात न टाकण्याचं म्हणाल, तर त्याचं कौतुक करू नका आणि त्यात अडकूही नका. कौतुक केलंत तर त्याला ते व्रत वाटेल. फक्त तो स्वतः पोटभर जेवतोय ना, एवढं बघा. बहिणीला देऊन स्वतः उपाशी राहत असेल तर मात्र थांबवा, आणि सांगा की या घरात दोघांना पुरेल इतकं आहे.

त्याच्या चौकशीला खरी उत्तरं द्या. त्यासाठी थोडी माहिती इथे देते, कारण इथेही गैरसमज असतात. पुष्कळ लोकांना वाटतं की हा अणुबॉम्बचा सिनेमा आहे. तसं नाही. ही कोबे शहराची गोष्ट आहे. अमेरिकी विमानांनी १९४५ च्या मार्च आणि जून महिन्यांत तिथे आग लावणारे बॉम्ब टाकले. घरं लाकडाची, आत कागदाचे पडदे, त्यामुळे वस्त्याच्या वस्त्या जळाल्या. जपानला बरंच अन्न आणि इंधन समुद्रमार्गे आणावं लागायचं आणि तोवर ती जहाजं बुडवली जात होती, बंदरांत सुरुंग पेरले जात होते. रेशन आटत गेलं. शेतकऱ्याकडे असेल तर भात, नाहीतर नाही, आणि तोही नोटा घेऊन द्यायला तयार नव्हता. म्हणून आईच्या किमोनोंच्या बदल्यात तांदूळ घ्यावे लागतात. बँकेत पैसे असून मूल उपाशी कसं मरतं याचं उत्तर हे आहे, आणि अकरा वर्षांच्या मुलाला ते समजतं. समजलं की भीती थोडी कमी होते, कारण मग तो मृत्यू शाप राहत नाही, त्याला कारणं मिळतात.

आता तुमच्या रागाबद्दल. तुमच्या पत्रातला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. तुम्ही लिहिलंय की आई गेल्यावर आसरा देणाऱ्या मावशीचं घर सेइता सोडून गेला तिथेच त्यानं बहिणीला मारलं, आणि असा विचार आला म्हणून स्वतःचीच शरम वाटली. शरम वाटून घेऊ नका. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांनी स्वतः सांगून ठेवलंय की या सिनेमाकडे निव्वळ युद्धविरोधी म्हणून बघू नये. त्यांच्या मते ही दोन मुलं समाजापासून तुटून आपलं वेगळं जग उभं करायला जातात आणि ते जग टिकत नाही. १९८८ मधल्या तरुणांच्या स्वभावात त्यांना सेइता दिसत होता: अपमान सोसायचा नाही, जुळवून घ्यायचं नाही, निघून जायचं. म्हणजे तुम्हाला जे खटकलं ते त्यांनी मुद्दाम तिथे ठेवलंय.

पण त्या रागाला पुढे न्या, तिथेच थांबवू नका. सेइता चौदा वर्षांचा आहे. चौदा वर्षांच्या मुलानं चुकीचा निर्णय घेतला तर तो परतवायला आजूबाजूला मोठं माणूस असावं लागतं. मावशी काही राक्षसीण नाही. तिच्या घरात कामावर जाणारी माणसं आहेत, तांदूळ मोजून येतात, आणि हा मुलगा काही काम करत नाही हे तिला खुपतं. तिचं प्रत्येक वाक्य आपण आपल्याकडे नातेवाइकांच्या घरात ऐकलेलं आहे. ती त्यांना हाकलून देत नाही. तो निघतो आणि ती अडवत नाही, एवढंच. शेतकरी चोरी पकडल्यावर मारतो. डॉक्टर तपासून पुढच्या पेशंटकडे वळतो. यातल्या एकाकडेही तुम्ही बोट दाखवू शकत नाही की यानं सेत्सुकोला मारलं. प्रत्येकानं थोडं थोडं सोडून दिलं. मला या सिनेमात युद्धाचं सगळ्यात खरं चित्र इथे दिसतं, विमानांच्या प्रसंगांहून कितीतरी जास्त. युद्ध माणसांना आपापल्या ताटापुरतं करून टाकतं.

मूळ कथा अकियुकी नोसाका यांची, १९६७ ची. त्यांची धाकटी बहीण १९४५ मध्ये कुपोषणानंच गेली. ती सेत्सुकोपेक्षा खूप लहान होती, चालायला लागण्याच्या वयाची. आपण सेइताइतके प्रेमळ नव्हतो, तिच्या वाटचं आपण खाल्लं, ही बोच त्यांनी पुढे उघडपणे सांगितली. ती कथा म्हणजे बहिणीची मागितलेली माफी आहे. ताकाहाता स्वतः नऊ वर्षांचे असताना ओकायामा शहरावर २९ जून १९४५ रोजी बॉम्ब पडले आणि ते बहिणीबरोबर जळत्या शहरातून पळाले होते. हे कळल्यावर सेइतावरचा राग जाणार नाही. पण तो राग आधी लेखकानं स्वतःवर काढलाय हे लक्षात येईल आणि तुम्हाला एकटं वाटणार नाही.

तुम्ही रडलात त्यालाही कारणं आहेत, आणि ती मुलाला सांगण्यासारखी आहेत. हा सिनेमा सुरुवातीलाच सांगून टाकतो की सेइता २१ सप्टेंबर १९४५ ला स्टेशनवर मरतो. शेवट माहीत असूनही आपण दीड तास आशा धरतो की आत्ता कुणीतरी येईल. सेत्सुकोचा आवाज एका खरोखरच पाच-सहा वर्षांच्या मुलीचा आहे. तिचे संवाद आधी ध्वनिमुद्रित केले आणि चित्रं त्यावर बेतली. म्हणून तिचं हट्ट करणं, रडता रडता श्वास अडकणं आपल्या घरातल्यासारखं वाटतं. घरात सहा वर्षांची मुलगी असलेल्या बापाला ते न लागतं तरच नवल. मुलाला एवढंच सांगा: "तिच्या आवाजात मला आपली धाकटी ऐकू आली, म्हणून रडलो." बापाच्या रडण्याला कारण मिळालं की मुलाला ते पेलतं. कारण न सांगितलेलं रडणंच त्याला घाबरवतं.

धाकटीनं नेमका कुठला भाग पाहिला ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि ते महत्त्वाचं आहे. तळ्याकाठी काजव्यांबरोबर खेळण्याचा भाग पाहिला असेल तर तिच्यापुरता तो गोड सिनेमा होता. आईला पट्ट्यांत गुंडाळलेलं पाहिलं असेल तर ती विचारेल, आज ना उद्या. तेव्हा 'ती झोपली' किंवा 'देवाघरी फिरायला गेली' असं सांगू नका. लहान मुलं शब्दशः घेतात, आणि मग झोपायलाच घाबरतात. 'ती खूप भाजली होती, ती मेली. आता ती परत येणार नाही, म्हणून त्या मुलांना वाईट वाटलं' असं सरळ सांगा आणि तिला जवळ घ्या. दोन मिनिटांनी ती खेळायला निघून जाईल. पुढचे काही दिवस ती बाहुलीला पट्ट्या बांधत बसली तर बांधू द्या.

आईंशी वाद घालू नका. मूल मरतं असं काही घरात आणू नये, हा त्यांच्या पिढीचा धाक आहे, आणि बाळंतपणात, साथीत पोरं गेलेली त्यांनी किंवा त्यांच्या आईनं पाहिलेली असतील. त्यांना निवांत वेळी विचारा, तुमच्या लहानपणी रेशन कसं होतं, १९७२ च्या दुष्काळात काय खाल्लंत. मुलाला शेजारी बसवा. मिलोचं, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीचं, नाव निघेल, दुष्काळी कामांवर मिळणाऱ्या सुकडीचं निघेल. सिनेमात पाहिलेली भूक आपल्याच आजीच्या आठवणीत आहे हे त्याला कळेल, आणि आजी त्यातून पार पडून समोर बसलीय हेही कळेल. वहिनींचं चिडणं मात्र रास्त आहे. न विचारता, आधी न पाहता लावलात, हे त्यांना खुपलं असणार. त्यांनी सिनेमा पाहिलेला नसेल तर त्यांनाही मुलाबद्दल हे सगळं सांगा, कारण मुलाशी बोलायला घरात दोघंही लागतील.

तुमच्या मुलाला आणखी एका ठिकाणी न्या असं सुचवते. नागाळा पार्कात महावीर उद्यानात पोलंडच्या लोकांचा स्मृतिस्तंभ आहे. आपण त्याच्या बाजूनं नेहमी जातो आणि थांबत नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीनं पूर्व पोलंडमधून हजारो कुटुंबं उचलून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेली. त्यातून सुटलेले पुष्कळ जण इराणमार्गे हिंदुस्थानात आले. त्यातले सुमारे पाच हजार लोक १९४३ ते १९४८ या काळात आपल्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. बहुतेक बायका आणि मुलंच. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. सेत्सुकोच्याच वयाची मुलं, त्याच वर्षी, १९४५ मध्ये, आपल्या पंचगंगेच्या खोऱ्यात शाळेत जात होती. त्यांनीही उपासमार पाहिली होती, कित्येकांचे आईवडील वाटेत गेले होते. पण इथे त्यांच्याभोवती माणसं होती. पुढे फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित येऊन राहिले, तेच आजचं गांधीनगर. युद्धातली मुलं हा विषय लांबच्या जपानचा आहे असं मुलाला वाटत असेल, तर त्याला दाखवा की कपडे घ्यायला आपण जिथे जातो ती पेठ अशाच लोकांनी वसवलीय. मी मुलांना सिनेमानंतर हे सांगते तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, "त्यांना जेवायला कोण देत होतं?" आणि मग बराच वेळ त्यावरच बोलणं चालतं.

परत बघावा का, तर आत्ता नको. त्यानं मागितला तर काही महिन्यांनी, दिवसाउजेडी, धाकटी घरात नसताना, आणि हवं तिथे थांबवत बघा. दुसऱ्यांदा बघताना मुलं मावशीकडे आणि शेतकऱ्याकडे जास्त लक्ष देतात असं मी पाहिलंय. तो म्हणाला की नको, तर विषय संपला. काही जण सुचवतील की लगेच 'माय नेबर टोटोरो' दाखवा म्हणजे मन हलकं होईल. जपानमध्ये एप्रिल १९८८ मध्ये हे दोन सिनेमे एकाच तिकिटावर दाखवले होते हे खरं आहे. तरी मी ते सलग लावत नाही. मुलाला पडलेले प्रश्न पुसून टाकायची घाई झाल्यासारखं होतं ते. आधी बोलणं होऊ दे, मग पुढच्या आठवड्यात टोटोरो जरूर बघा, आणि तो सगळ्यांनी, आईंसकट.

दाखवला हे चुकलं का, याचं माझं उत्तर: अकरा हे वय काठावरचं आहे. मी स्वतः शाळेत तेरा-चौदाच्या आत हा दाखवत नाही, पण घरात, शेजारी बाप असताना, अकरा वर्षांच्या समजूतदार मुलानं पाहिला तर मी त्याला घात म्हणणार नाही. सहा वर्षांच्या मुलीसाठी तो नाहीच.

आणि कधी काळजी करायची तेही सांगते. दोन-तीन आठवड्यांनंतरही झोप लागत नसेल, रात्री दचकून उठत असेल, जेवण कमी होत चाललं असेल, शाळेत जायला नको म्हणत असेल, अंथरुणाखालचा साठा वाढत असेल किंवा बहिणीला नजरेआड होऊ देत नसेल, तर वाट बघू नका. शाळेत समुपदेशक असतील तर त्यांना गाठा, नाहीतर सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ या नंबरवर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. त्याआधी, आज संध्याकाळीच, त्या पाकिटाबद्दल त्याला विचारा. तो काय म्हणाला ते इथे लिहिलंत तर त्यावर पुढे बोलू.